मादामच्या आईची फिरोजी डिश

आमच्या शेजारच्या मादामना मी एकदा स्वार्थी म्हणाले. मागून नाही, तोंडावर म्हणाले, त्यांच्याच किचनमध्ये बसून, त्यांनीच केलेली कॉफी पीत. त्या ऐंशी पार केलेल्या, मी अठ्ठावन्नची. म्हणजे मला काही पोच असायला हवी होती. पण माझा स्वभाव हा असा आहे, तोंडाचा पट्टा सुटला की समोर कोण बसलंय ते मला दिसत नाही. आता मादाम नाहीत. ते बोलणं परत घेता येत नाही, म्हणून निदान जे झालं ते सरळ सांगून टाकते.

आम्ही नॉटिंगहॅमला या घरात आलो त्याला तेरा वर्षं झाली. नवरा हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट, मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत. सेमी-डिटॅच्ड घर, आमच्या आणि मादामच्या बागांच्या मध्ये एक कमरेएवढं फेन्स. त्या मूळच्या फ्रान्सच्या, विसाव्या वर्षी एका इंग्लिश माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचं आडनाव माझ्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून मी पहिल्या दिवसापासून मादाम म्हणत गेले आणि त्यांनीही कधी दुरुस्त केलं नाही.

आम्ही आलो त्याच आठवड्यात त्या फेन्सवरून ॲपल टार्ट घेऊन आल्या, एका पांढऱ्या पसरट भांड्यात. टार्ट संपला, भांडं घासून झालं. आता ते परत द्यायचं तर रिकामं कसं द्यायचं? आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसेल तर माझी आई चिमूटभर साखर तरी घालायची. मी त्यात पातळ पोह्यांचा चिवडा भरून दिला. मादाम दुसऱ्या दिवशी गोंधळून विचारायला आल्या, टार्टच्या बदल्यात काही द्यायला हवं असं मला वाटायला लावलं का त्यांनी? मी म्हटलं, छे हो, मोबदला कसला, ही आमची रीत आहे. ती रीत त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती माझ्यावरच उलटवली. माझा डबा कधी रिकामा यायचा नाही. कधी तीन प्लम्स, कधी बागेतले चार मुळे, एकदा तर नुसतं एक उकडलेलं अंडं, वर रुमाल झाकून! नवरा म्हणायचा, तुम्हा दोघींचं एक भांडं या जन्मी काही मोकळं व्हायचं नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत फायरप्लेसच्या वर ती डिश उभी असायची. आपल्या जेवायच्या ताटाएवढी, जराशी खोलगट, फिरोजी रंगाची. त्यावर पांढऱ्या आणि गुलाबी फुलांची फांदी आणि फांदीवर एक पिवळा पक्षी. प्रत्येक पाकळी बोटाला लागेल अशी फुगीर. आणि सगळ्या फिरोजी रंगावर केसासारख्या बारीक चिरा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पटकन बोलून गेले, अहो मादाम, ही तडकलीय की! त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. त्यांचं गाव फ्रान्सच्या ईशान्य टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ. तिथे लोखंडाचे कारखाने होते आणि एक हा मातीच्या शोभेच्या भांड्यांचा. आपल्याकडे मीनाकारी धातूवर होते, ही मातीवरची. भाजलेल्या पांढऱ्या भांड्यावर आधी छापाच्या कागदानं चित्राच्या काळपट, जाड रेघा उठवायच्या. त्या रेघा म्हणजे बांध. मग ब्रशच्या टोकावर एनॅमलचा थेंब घ्यायचा आणि तो बांधाच्या आत सोडायचा. फासायचा नाही, सोडायचा, आणि ब्रशनं ढकलत ढकलत कडेपर्यंत न्यायचा. थेंब कमी पडला तर भाजल्यावर तिथे खळगा दिसतो, जास्त झाला तर तो शेजारच्या रंगात शिरतो. हे काम बायका करायच्या. मादामची आई चौदाव्या वर्षी त्या बाकावर बसली ती डोळे जाईपर्यंत उठली नाही.

चिरा मुद्दाम पाडलेल्या असतात. भट्टीतून भांडं बाहेर आलं की गार होताना माती वेगळी आकसते आणि वरचं काचेसारखं एनॅमल वेगळं, त्या ओढाताणीत ते बारीक बारीक तडकतं. शाळेला सुट्टी असली की मादाम दुपारचं जेवण घेऊन आईकडे जायच्या, तेव्हा फळ्यांवर मांडलेली भांडी टिंग टिंग वाजत असायची. त्या चिरा उघड्या असतात, काहीही आत ओढून घेतात. त्यामुळे त्यात खायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं. हे मादामनी मला एकदा नाही, तीन वेळा सांगितलं होतं.

डिशच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का होता आणि चित्र काढणाऱ्या कलाकाराचं नाव छापलेलं होतं. त्याच्या खाली, नखाएवढ्या जागेत, ब्रशनं काढलेली दोन अक्षरं आणि एक ठिपका. ती आईची खूण. रंग भरणाऱ्या बाईला नाव लिहायची परवानगी नव्हती, खूण तेवढी चालायची, तीही चूक कुणाची ते शोधता यावं म्हणून. या डिशमध्ये एका पाकळीचा गुलाबी रंग बांध ओलांडून गेला होता, म्हणून ती विकायला गेली नाही आणि आईला घरी आणता आली. आईनं आयुष्यभर शेकडो भांडी रंगवली, त्यातली मादामजवळ ही एकच उरली होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांना त्यांच्या गावच्या छोट्या म्युझियमचं पत्र आलं. एनॅमल भरणाऱ्या बायकांच्या कामाची, त्यांच्या नावांसकट, ते एक भिंत मांडणार होते. भांडी त्यांच्याकडे भरपूर होती, पण कोणती खूण कोणत्या बाईची, हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं. मादामना आईची खूण माहीत होती आणि ती खूण असलेली वस्तू त्यांच्या घरात होती. म्युझियमनं लिहिलं होतं, आधी फोटो पाठवा, आम्हाला योग्य वाटलं तर डिश ठेवून घेऊ आणि लेबलवर तुमच्या आईचं पूर्ण नाव लिहू.

मादाम पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. हात थरथरत होते, तसे ते एरवीही थरथरायचे. म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव आजवर फक्त तिच्या थडग्यावर लिहिलं गेलंय."

माझी आई पुण्यात एका टेलरच्या दुकानासाठी घरी बसून ब्लाऊज शिवायची. गळ्याला लेबल दुकानाचं. लग्नात कुणी ब्लाऊजची स्तुती केली की आई गप्प बसून ऐकायची, आणि मला राग यायचा. म्हणून हे काम मी अगदी पदर खोचून अंगावर घेतलं. मादामच्या घरात उजेड कमी, आमच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत भरपूर. मी म्हटलं, डिश दोन दिवस माझ्याकडे द्या. टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून मी ती घरी आणली. पुढून, मागून, तिरपी, खुणेचा अगदी जवळून, असे चाळीसेक फोटो काढले. मादाम सांगत गेल्या तशी इंग्लिशमध्ये ईमेल टाइप केली, आईचं नाव, गाव, किती वर्षं काम केलं ते सगळं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. त्यांना डिश हवी होती. मादामच्या भावाची मुलगी फ्रान्समध्येच राहते, ती पुढच्या पंधरवड्यात शनिवारी येऊन घेऊन जाईल असं ठरलं. मादामनी माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

आता पुढचं सांगते. तो गुरुवार होता. माझी मुलगी मेडनहेडला नोकरी करते, ती वीकेंडला यायची होती म्हणून मी रजा घेऊन तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होते. तिच्या मोडक्या मराठीत "तो पिवळा पुरी". मादाम सकाळी टॅक्सीनं हॉस्पिटलमध्ये गेल्या होत्या, कंबरेच्या चेकअपला. त्यांची किल्ली माझ्याकडे असायची. नवरा निघता निघता म्हणाला, "ती डिश देऊन टाक बाई, आपल्या घरात फुटली तर काय तोंड दाखवणार?" खरंच होतं ते. मी डिश वर्कटॉपवर आणून ठेवली. टॉवेल काढला. समोर रिकामी डिश, परत द्यायची. बाजूला कढईतून नुकत्या निघालेल्या पुऱ्या.

माझा हात क्षणभरही थांबला नाही. खाली किचन रोलचा एक कागद घातला, त्यावर आठ पुऱ्या रचल्या, कडेला दोन चमचे लिंबाचं लोणचं घातलं, वरून फॉइल लावली. आणि मनात काय, तर मादामना हॉस्पिटलमधून आल्यावर खायला गरम काहीतरी मिळेल! स्वतःवर खूश होऊन मी ती त्यांच्या किचनच्या टेबलावर ठेवून आले. वर चिठ्ठीसुद्धा लिहिली, लगेच खा म्हणून.

कुणी म्हणेल, इतकं सांगूनसुद्धा? हो, इतकं सांगूनसुद्धा. कारण त्या वेळी माझ्यासमोर मादामच्या आईची डिश नव्हतीच, शेजारणीचं परत जाणारं भांडं होतं. अकरा वर्षांची हाताची सवय, तिनं डोक्याला विचारलंच नाही.

त्यात मादामना हॉस्पिटलमध्ये चक्कर आली. ब्लड प्रेशर खाली गेलं म्हणून त्यांना ठेवून घेतलं. शुक्रवारी ड्यूटीवर असताना मी त्यांना वॉर्डात भेटून आले, उशी नीट केली, नर्सशी भांडून त्यांना दुसरं ब्लँकेट मिळवून दिलं. पण टेबलावरच्या डिशची मला आठवणसुद्धा झाली नाही. त्या शनिवारी संध्याकाळी घरी आल्या. रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "पुऱ्या मऊ पडल्या होत्या, पण लोणचं फार छान होतं. थँक यू." मी म्हटलं, अजून देते की! बरणीभर आहे.

भाची ठरल्याप्रमाणे आली. मी खिडकीतून बघत होते. संध्याकाळी ती निघाली तेव्हा तिच्या खांद्याला एक लहानशी पर्स, बाकी काही नाही. मी चपला घालून तशीच शेजारी गेले.

"डिश दिली नाहीत?"

"नाही. मी ठरवलं, माझ्याजवळच राहू दे."

किचनमध्ये जाताना पाहिलं, फायरप्लेसच्या वर डिश नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, हात थरथरतात, पुसताना पडेल अशी भीती वाटते, म्हणून कपाटात ठेवलीय. आणि मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, म्हणजे भिंतीवरही नाही आणि इथेही नाही? कपाटात ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला का आपण? तुमच्या आईचं नाव लागणार होतं! कारखान्यानं तिचं नाव लपवलं, आता तुम्ही लपवताय. तुमच्या गावातल्या पोरींनी वाचलं असतं, हे काम अमक्या बाईनं केलं. माझ्या आईसाठी कुणी असं एक लेबल लावलं असतं तर मी अनवाणी गेले असते तिथपर्यंत. कमाल आहे तुमची. इतक्या स्वार्थी असाल असं वाटलं नव्हतं मला.

मादाम कॉफी ढवळत होत्या. चमचा कपाला लागून वाजत होता. शेवटी म्हणाल्या, "असेन. म्हातारपणी माणूस होतं स्वार्थी." एवढंच. मी कप तसाच टाकून उठले.

तीन आठवडे मी अबोला धरला. तो त्यांनीच मोडला, फेन्सवरून रुबार्बच्या आंबट दांड्यांची जुडी पुढे करून. आमचं देणंघेणं पुन्हा सुरू झालं, पण मी काही ते सोडलं नाही. बीबीसीवर कुठल्या म्युझियमचं काही लागलं की मी म्हणायची, बघा, काहींच्या वस्तू कपाटाबाहेर पडतात. मादाम हसायच्या. वर्षभर मी असे टोमणे मारत राहिले आणि त्या हसत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत त्या गेल्या. भाची घर आवरायला आली, मी मदतीला गेले. बेडरूमच्या कपाटात, लोकरी ब्लँकेटांच्या मागे, टी टॉवेलात गुंडाळलेली ती डिश होती. भाची खाली चहा करत होती. मी टॉवेल उलगडला.

फिरोजी रंगाच्या प्रत्येक चिरेत पिवळी रेघ होती. सगळ्या डिशभर. आणि कडेला, लोणचं होतं तिथे, हाताच्या पंज्याएवढा तपकिरी, तेलकट डाग, त्यात पिवळा पक्षी निम्मा बुडालेला. मी नाक जवळ नेलं. हळद आणि मेथी. माझ्या लोणच्याचा वास माझ्याशिवाय कोण ओळखणार? डिश मांडीवर घेऊन मी पलंगावर बसले. हळदीचा डाग कसा धरतो हे मला, आयुष्य औषधांत घालवलेल्या बाईला, कुणी शिकवायला नको होतं.

भाची चहा घेऊन वर आली आणि माझ्या मांडीवर डिश बघून दारातच थांबली. म्हणाली, "तुम्हाला हे कळू द्यायचं नव्हतं. आत्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं."

मग तिनं सांगितलं. मादामनी डिश आधी नुसत्या कापसानं पुसली, मग साबणानं, मग आठवडाभर वरच्या बेडरूमच्या खिडकीत उन्हाला ठेवली. काही ठिकाणी पिवळा फिका झाला, तेल मात्र हललं नाही. भाचीनं म्युझियमला फोन केला. त्यांनी हळहळ व्यक्त केली, पण अशा अवस्थेतली डिश भिंतीवर लावता येणार नाही म्हणाले. भाची रागावली होती, शेजारच्या बाईला जाब विचारते म्हणाली. मादामनी तिला हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, ती फार बोलते, फार भांडते, पण तिला हे कळलं तर ती तोंड लपवेल आणि माझ्याकडे यायची बंद होईल. आई जाऊन चाळीस वर्षं झाली. ही रोज येते.

आणि खरं सांगते, त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी गेलेच नसते. पडदे ओढून बसले असते. मी त्यांना स्वार्थी म्हणाले तेव्हा ही डिश आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर होती, आणि दोन वाक्यांत त्या माझं तोंड बंद करू शकल्या असत्या. त्या मूग गिळून बसल्या. मी तिथे, त्या पलंगावर, भाचीसमोर मोठ्यानं रडले. माफी मागायला समोर कुणी नव्हतं. भाचीनं डिश मलाच ठेवून घ्यायला सांगितलं. ती माझ्या कपाटात आहे, त्याच टी टॉवेलात, आणि मला ती बाहेर ठेवायचा धीर होत नाही.

मग एक दिवस मला ते चाळीस फोटो आठवले. पुऱ्यांच्या आधीचे. मी म्युझियमला लिहिलं, काहीही न लपवता, डिश कशी बिघडली, कुणी बिघडवली ते सगळं. विचारलं की वस्तू नाही तर निदान फोटो लावाल का, खुणेच्या फोटोसकट, आणि खाली त्या बाईचं नाव? महिनाभर उत्तर आलं नाही. आलं तेव्हा हो असं आलं.

परवा त्यांनी त्या भिंतीचं छायाचित्र पाठवलं. मधोमध डिशचा मोठा फोटो, स्वच्छ फिरोजी, पक्षी पिवळाधमक. शेजारी खूण, मोठी करून. खाली लेबल, त्यावर मादामच्या आईचं पूर्ण नाव आणि ती त्या बाकावर किती वर्षं बसली ते. वाचून मी स्क्रीनवरच हात फिरवला. मग त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक नाव दिसलं. छायाचित्र, आणि पुढे माझं नाव, आडनावासकट, स्पेलिंग अचूक. मादामचं नाव कुठेच नव्हतं.

मी त्याच दिवशी लिहिलं, माझं नाव काढा, त्या जागी डिश रंगवणाऱ्या बाईच्या मुलीचं घाला, तिनं ही डिश सांभाळली, तिनं खूण ओळखली. उत्तर अगदी सौजन्याचं होतं. ही भिंत फक्त काम करणाऱ्यांच्या नावांची आहे, वस्तू कुणाकडे होती हे आम्ही इथे लिहीत नाही. फोटो तुम्ही काढलेत, तुमचं काम निनावी राहणं आमच्या नियमात बसत नाही. आणि शेवटी, या डिशसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल आम्ही तुमचे मनापासून आभारी आहोत.